दोन उन्हाळे मागून घे

पत्र आलं आहे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून. थोडं आखूड करून देते.

"मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजी. लहानपणी आजोबा अंगणात चटई टाकून अगस्त्याचा तारा दाखवायचे, तेव्हापासून हे डोक्यात आहे. मला अ‍ॅस्ट्रोफिजिक्समध्ये संशोधन करायचं आहे. बाबांची काजूची बागायत आहे. ते म्हणतात, बी.एड. कर आणि जवळच्या हायस्कुलात लाग. आईला काळजी वाटते की रात्री-अपरात्री डोंगरावर दुर्बिणीपाशी एकटी मुलगी कशी बसणार. मॅथेमॅटिकल फिजिक्सला मला ४६ मार्क पडले. माझ्याकडे दुर्बीण नाही, लॅपटॉप आहे तो भावाचा. एम.एस्सी. खगोलशास्त्रात करावी की फिजिक्समध्येच? गोव्यात राहून हे होईल का? काजूच्या हंगामात मी घरी लागते, मग उन्हाळी शिबिरांचं काय करू? आणि खरं सांगा, मला जमेल का?"

बाय,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जमेल का, हे मला सांगता येणार नाही. तुझे सरसुद्धा सांगू शकणार नाहीत आणि आज तुला स्वतःलाही ते कळायचं नाही. पण ते तपासायची एक रीत आहे आणि तिला साधारण दोन उन्हाळे लागतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की घरी आत्ताच "मी शास्त्रज्ञ होणार, मला परवानगी द्या" असा विषय काढू नकोस. दोन उन्हाळे मागून घे. एक दुसऱ्या वर्षानंतरचा, एक तिसऱ्या वर्षानंतरचा. तेवढा अवधी कुठल्याही बापाला देता येतो, आणि तेवढ्यात तुला तुझं उत्तर कळतं.

तपासायचं काय, ते आधी नीट समजून घे, कारण इथेच बहुतेक मुलं फसतात. आकाश आवडणं आणि खगोलशास्त्राचं काम आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः पहिल्यांदा शिकायला गेले तेव्हा एका जोडताऱ्यावर काम दिलं होतं. दोन तारे एकमेकांना चिकटून फिरतात, एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश कमी होतो, आणि सुमारे आठ तासांत एक फेरी पुरी होते. तीन रात्रींची मोजमापं हाती होती. दोन रात्रींचे प्रकाशाचे खड्डे एकमेकांवर नेमके बसत होते, तिसऱ्या रात्रीचे मात्र बाजूला सरकलेले. मी तीन आठवडे त्यावर घालवले. ताऱ्यांचा आवर्तनकाल बदलतोय की काय, दोघांमध्ये वायूची देवाणघेवाण चालली आहे की काय, असं काय काय वाचून काढलं. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही तिसऱ्या रात्रीची वेळ कुठली?" तिसऱ्या रात्री नोंदी दुसऱ्याच माणसाने केल्या होत्या, आणि त्या भारतीय वेळेनुसार होत्या. माझ्या जागतिक वेळेनुसार. साडेपाच तासांचा फरक. तो काढून टाकल्यावर तिन्ही रात्री एका रेषेत आल्या.

त्या दिवशी मला रडू आलं, पण संध्याकाळी मी पुन्हा तिथेच जाऊन बसले, कारण सगळे खड्डे एका जागी आलेले बघताना जे वाटलं ते मला परत हवं होतं. काम असं असतं. दिवसचे दिवस आकड्यांसमोर बसायचं, स्वतःची चूक शोधायची, ती सापडल्यावर पुढे जायचं. अगस्त्य बघून आजोबांच्या मांडीवर जो आनंद झाला तो खरा आहे, तो जप. पण तुझं पोट आणि तुझी वीस वर्षं त्या आनंदावर चालणार नाहीत, या दुसऱ्या आनंदावर चालतील. तो तुझ्यात आहे का, हे बघायचं.

आता एम.एस्सी.चं. फिजिक्समध्येच कर. खगोलशास्त्राची स्वतंत्र एम.एस्सी. वाईट असते असं नाही. आयआयटी इंदूरला ती आहे, 'जॅम' परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि तुला तिथे जागा मिळाली तर जरूर जा. पण पीएच.डी.च्या दारावर ज्या परीक्षा उभ्या आहेत, म्हणजे सीएसआयआरची नेट, गेट, जेस्ट, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा, त्या सगळ्या तुला फिजिक्सच विचारतात. यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय भौतिकी. नेटच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात खगोलशास्त्राचा वेगळा विभागसुद्धा नाही.

आणि हे योग्यच आहे, असं माझं मत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली इंग्लंडला जायला बोटीत बसले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे तुझ्याच वयाचे. त्या प्रवासात त्यांनी श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे गणित मांडलं. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. त्यासाठी त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती. दाटून भरलेल्या इलेक्ट्रॉनांची सांख्यिकी आणि सापेक्षता या दोन गोष्टी त्यांना पक्क्या येत होत्या. हीच सांख्यिकी तुझ्या स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या पेपरात आहे. तसंच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ती उभारण्यामागचा एक मोठा हेतू होता दूरच्या विश्वातला हायड्रोजन शोधणं. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनचं फिरकीचं तोंड उलटलं की १४२० मेगाहर्ट्‌झची लहर निघते. अणू जितका दूर, तितकी विश्वाच्या प्रसरणामुळे ती लहर ताणलेली, वारंवारिता उतरलेली. तुला क्वांटम येत नसेल तर जीएमआरटी हा तारांचा आणि जाळ्यांचा सांगाडा आहे. येत असेल तर ते कान आहेत.

त्यामुळे ४६ मार्कांचं मी हलक्यात घेणार नाही. तू नापास नाहीस आणि यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो पेपर या विषयाचा पाया आहे. तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की तू सोडवलेली उदाहरणं वाचतेस, समजतात, आणि पुढे जातेस. सगळे तेच करतात. वाचून समजणं आणि कोऱ्या कागदावर आपल्या हाताने उतरवणं यात फार अंतर आहे. रोज तीन उदाहरणं, पुस्तक मिटून. डिफरन्शियल इक्वेशन्स, फूरियर, मॅट्रिक्स. पुढच्या सहा महिन्यांत एवढं केलंस तर त्या ४६ ची पुढे कोणी आठवण काढणार नाही, कारण परीक्षा आणि मुलाखतीत तुझी आजची तयारी बघतात.

गोव्यात राहून होईल का? एम.एस्सी.पर्यंत होईल. जॅममधून आयआयटी मिळाली, किंवा बंगळूरच्या आयआयएस्सीत एकात्म पीएच.डी., म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र, मिळाली, तर बिनधास्त जा. नाही मिळाली तर ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आहे. तिथे एम.एस्सी. केल्याने काही कमी पडेल हा समज काढून टाक. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली स्थापन झाली, जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक, आणि ती मुळात विद्यापीठांसाठीच काढलेली संस्था आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी तिथे यावं, तिथली साधनं वापरावीत, आपल्या विद्यार्थ्यांना जोडून घ्यावं, अशी तिची रचनाच आहे. म्हणजे आपल्या विद्यापीठातल्या मुलाला ते दार बाहेरच्याचं नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते, रात्रीच्या बसेस तर रोजच्या. तुला अंतर वाटतं तेवढं नाही.

पीएच.डी.ला मात्र बाहेर पडावं लागेल, हे घरी आजच सांगून ठेव. पुण्यात आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए, मुंबईला टीआयएफआर, बंगळूरला आयआयए, रामन संस्था आणि आयआयएस्सी, अहमदाबादला पीआरएल, नैनितालला एरीज. नावं पाठ करत बसू नकोस. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तुला आपोआप कळेल की तुला सूर्य ओढतो, आकाशगंगा ओढतात की पल्सार. त्याप्रमाणे जागा ठरते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. दुर्बीण नाही म्हणतेस. दुर्बीण नको आहे. भावाचा लॅपटॉप गणेशचवथीच्या सुट्टीत चार दिवस मागून घे. आरत्या, पाहुणे, गणपतीवर बांधलेल्या माटोळीचं सामान उतरवणं सगळं आटोपलं की रात्री बस. पावसाळ्यात गोव्याचं आकाश तसंही चार महिने झाकलेलं असतं, तेव्हा हे काम करायला याहून चांगला मोसम नाही.

कृत्तिकांचा पुंजका तुला माहीत आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया या यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची मोजमापं घेतली आहेत, आणि ती सगळी जगात कोणालाही फुकट उपलब्ध आहेत. त्यांच्या संग्रहात जाऊन कृत्तिकांच्या मधोमध केंद्र धर आणि दोन अंश त्रिज्येतले सगळे तारे माग. हजारो ओळींचं कोष्टक येईल. ते 'टॉपकॅट' नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघड. यातले बहुतेक तारे कृत्तिकांचे नाहीतच, मागे-पुढे असलेले आहेत, फक्त आपल्याला त्याच दिशेला दिसतात. साखळीच्या बाजारात गर्दीतली एका घरची माणसं कशी ओळखशील? एका दिशेने, एका चालीने जातात त्यावरून. ताऱ्यांचंही तेच. प्रत्येक ताऱ्याच्या आकाशातल्या सरकण्याला निजगती म्हणतात. पूर्वेकडची निजगती आडव्या अक्षावर आणि उत्तरेकडची उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढ. मधोमध एक मोठा ढग दिसेल, आणि त्याच्यापासून बाजूला, आडवं २० आणि उभं उणे ४५ च्या आसपास, एक छोटा घट्ट ठिपका. एकक आहे वर्षाला मिलिआर्कसेकंद, हे कोनाचं अगदी बारीक माप. तो ठिपका म्हणजे कृत्तिकांचं कुटुंब.

तेवढेच तारे निवड. मग त्यांचा पराशय बघ. डोळ्यासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटलास की बोट सरकल्यासारखं दिसतं, तोच पराशय, इथे फक्त दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं. बहुतेकांचा ७.४ मिलिआर्कसेकंदांच्या जवळ येईल. १००० ला त्याने भाग, उत्तर पार्सेकमध्ये. सुमारे १३५ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षं. हा आकडा तू पुस्तकातून घेतला नाहीस, सत्तरीत बसून काढलास.

इथे थांबू नकोस. ताऱ्याच्या तेजाच्या मापाला प्रत म्हणतात, आकडा लहान तितका तारा तेजस्वी. आता आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग घे, म्हणजे निळ्या आणि लाल प्रतीतला फरक, आणि उभ्या अक्षावर त्याची प्रत. वरून खाली एक तिरका पट्टा उमटेल, वर निळे तेजस्वी, खाली लाल मंद. हा मुख्य क्रम. पुस्तकात शंभरदा पाहिलेला असेल. पण नीट बघ, पट्ट्याच्या थोडं वर, त्याला समांतर, आणखी एक विरळ रांग आहे. अंतर मोज. पाऊण प्रतीच्या आसपास भरेल. का? मी सांगू का? नको, तूच कागदावर कर: दोन सारखे तारे इतके जवळ आहेत की एकच दिसतात, तर प्रकाश किती पट होईल आणि प्रत कितीने बदलेल? लॉगॅरिदमचं एका ओळीचं गणित आहे. ती रांग जोडताऱ्यांची आहे, हे तुझं तुला कळेल तेव्हा तुला काय वाटतं याकडे लक्ष दे. पुढचं काय, असं वाटून लॅपटॉप परत द्यायची तारीख पुढे ढकलावीशी वाटली, तर ते तुझ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा आहे. "झालं एकदाचं" असं वाटलं, तर तोही तितकाच मोलाचा तुकडा आहे, तो लपवू नकोस.

याच कृत्तिकांच्या अंतरावरून मोठा वाद झाला होता, तोही तुला माहीत हवा. गायाच्या आधी हिप्पार्कोस नावाचं यान होतं. त्याच्या मोजमापातून अंतर आलं सुमारे १२० पार्सेक. बाकी रीतींनी येत होतं १३० च्या वर. दहा टक्क्यांचा फरक. अंतर कमी म्हणजे तारे मूळचेच मंद, आणि मग ताऱ्यांच्या रचनेचं आपलं गणितच कुठेतरी चुकलं असं म्हणावं लागलं असतं. वर्षानुवर्षं दोन्ही बाजू ठाम होत्या. २०१४ साली दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून मोजलं तेव्हा १३६ आलं, आणि पुढे गायानेही तेच दाखवलं. ताऱ्यांचं गणित बरोबर होतं, हिप्पार्कोसचं त्या पुंजक्याचं मोजमाप चुकलं होतं. माझी साडेपाच तासांची चूक आणि ही चूक जातीने एकच. संशोधनाचं शिक्षण म्हणजे बऱ्याच अंशी अशी चूक कुठे दडली असेल याचा वास यायला लागणं, आणि तो वर्गात बसून येत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण गोव्याच्या मुलांना ती कोणी सांगत नाही. अशा मोठ्या कोष्टकांतून, ताऱ्यांच्या आणि आकाशगंगांच्या वर्णपटांतून महत्त्वाचं तेवढं वेगळं काढायची एक गणिती रीत आहे. जगात ती कर्हुनेन आणि लोव्ह यांच्या नावाने चालते. त्या दोघांच्या आधी, १९४३ साली, ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडली होती. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. जन्म गोव्यातल्या कोसबे गावचा, आणि मूळ पेशा गणिताचा. आता बरेच जण त्या रीतीला त्यांचंही नाव जोडतात. आकाशगंगांच्या वर्णपटांचं वर्गीकरण करायला ती वापरली गेली आहे. तुला कधी वाटलं की हे सगळं दुसऱ्यांचं आहे, तर हे आठव.

आता उन्हाळ्यांचं वेळापत्रक. काजूचा हंगाम आणि शिबिरं यांची तुला वाटते तेवढी टक्कर नाही. बोंडू मेच्या मध्यापर्यंत आटोपत येतात, आणि बरेचसे उन्हाळी प्रकल्प त्याच सुमाराला सुरू होऊन जूनअखेर किंवा जुलैपर्यंत चालतात. बाबांना हे तारखा दाखवून सांग. खरी अडचण दुसरीच आहे: अर्ज फार आधी भरावे लागतात, साधारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात जाग आली तर वर्ष गेलं. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, विद्यावेतनासकट. त्यासाठी अर्ज कर. डिसेंबरात आयुका आणि एनसीआरए कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राचं हिवाळी शिबिर घेत आली आहेत, त्याची सूचना लागली की सोडू नकोस, त्या वेळी काजूही नसतो. पुढे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर आयुकाचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आणि एनसीआरएचा तसाच उपक्रम आहे, तिथे तुला जवळून पारखतात. त्या त्या वर्षीची पात्रता संस्थेच्या सूचनेतूनच वाच, मैत्रिणीच्या तोंडून ऐकलेली धरू नकोस.

यातलं काही मिळालं नाही तर सरळ शास्त्रज्ञांना लिही. इथे बहुतेक मुलं एकच पत्र चाळीस जणांना पाठवतात, "लहानपणापासून मला विश्वाचं कुतूहल आहे" असं. ते कोणी वाचत नाही. तू तीनच जणांना लिही. प्रत्येकाचा एक अलीकडचा शोधनिबंध उघड, निदान प्रस्तावना, आकृत्या आणि शेवट वाच. मग आठ ओळी: मी कोण, मला काय येतं, कृत्तिकांचा आलेख काढला तो सोबत आहे, तुमच्या निबंधातल्या तिसऱ्या आकृतीत अमुक गोष्ट मला कळली नाही, मेच्या मध्यापासून सहा आठवडे येऊ शकते. तो आलेख जोडलेला असणं तुझ्या ४६ मार्कांपेक्षा आणि कुठल्याही शिफारशीपेक्षा जास्त बोलेल. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण दे, नंतर सोडून दे. माणसं कामात असतात.

इंग्रजीची भीती तू पत्रात उघड लिहिली नाहीस, पण मला ती जाणवली. शोधनिबंधाचं इंग्रजी कादंबरीचं नसतं. शे-दोनशे शब्द आणि वीस-पंचवीस वाक्यांचे साचे, तेच पुन्हा पुन्हा येतात. दहा निबंध वाचलेस की अकरावा वाचता येतो. आणि मराठी सोडू नकोस. समजलेली गोष्ट आधी मराठीत, आईला सांगितल्यासारखी, वहीत उतरव. जिथे वाक्य अडेल तिथे तुला ती समजलेली नाही. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर संशोधन इंग्रजीत केलं आणि मराठीतही तितक्याच सहजपणे लिहीत राहिले.

आईला सांग, डोंगरावर एकटं बसायचे दिवस आता बरेचसे गेले. लडाखमध्ये हानळेला ४५०० मीटर उंचीवर आपली दोन मीटरची दुर्बीण आहे, ती बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्याने चालवतात. निरीक्षक खोलीत संगणकासमोर असतो. कधी प्रत्यक्ष वेधशाळेत जायची वेळ आली तरी तिथे तंत्रज्ञ, इतर निरीक्षक, जेवणाखाणाची आणि राहण्याची सोय असते. मी अशा पुष्कळ रात्री काढल्या आहेत, माझ्या आईलाही हीच काळजी होती. पहिल्या वेळी तिला सोबत घेऊन वसतिगृह दाखवून आले. तूही तेच कर, फोनवर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

बाबांचा मुद्दा मात्र आईच्या मुद्द्यापेक्षा जड आहे, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. २०२३ पासून नेट-जेआरएफची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० आहे, म्हणजे घरून पैसे मागावे लागत नाहीत, थोडे पाठवताही येतात. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, बऱ्याचदा परदेशात, आणि कायमची नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी येते. सगळ्यांना मिळतही नाही. माझ्या बरोबरच्यांपैकी काही जण आज डेटाच्या नोकऱ्यांत आहेत, काही शिकवतात. ते दुःखी नाहीत, पण ते ज्यासाठी निघाले होते ते हे नव्हतं, हेही खरं. हे बाबांपासून लपवून होकार मिळवलास तर तो होकार तिसऱ्या वर्षी मोडेल.

त्यांना हे मात्र नक्की सांग, की ज्या फिजिक्सच्या तयारीने पीएच.डी.चं दार उघडतं, त्याच तयारीने नेट किंवा गोव्याची सेट ही पात्रता परीक्षा निघते, आणि ती निघाली की एम.एस्सी.नंतर कॉलेजात प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायला तू पात्र होतेस. म्हणजे दोन उन्हाळ्यांनंतर हे आपल्याला नको असं तुला वाटलं, तरी ती वर्षं वाया जात नाहीत. बी.एड. त्यानंतरही करता येतं.

मार्गदर्शक निवडायची वेळ यायला तुला पाच वर्षं आहेत, तरी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेव. मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले तिथे मोठं नाव बघून गेले. ते गृहस्थ सहा-सहा महिने माझा मसुदा उघडत नव्हते. दीड वर्षाने मी मार्गदर्शक बदलला, आणि तो बदलता येतो हेसुद्धा मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आधी त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोल, चहाच्या टपरीवर, एकेकट्याशी. दर आठवड्याला भेटतात का? लिहिलेलं परत कधी मिळतं? किती जण मध्येच सोडून गेले? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर ते उत्तर समज.

आणि आजोबांच्या अगस्त्याचं. तो इथून क्षितिजाच्या वर सुमारे २२ अंश चढतो. हानळेहून तो जेमतेम साडेचार अंश वर येतो, डोंगर आडवा आला तर दिसणारही नाही. फेब्रुवारीत अर्ज भरून झाले की एका रात्री अंगणातला दिवा मालवून आजोबांबरोबर बघून घे.

कृत्तिकांचा आलेख झाला की मला पाठव. अक्षांवर एककं लिही, आणि प्रतीचा उभा अक्ष उलटा घे, लहान आकडा वर.